दसऱ्याच्या तोरणासाठी दादरचा फूलबाजार: फुलं घ्या, तयार तोरण नको

निकाल आधीच सांगून टाकतो. झेंडूसाठी मुंबईत दादरच्या फूलबाजाराला तोड नाही. बाहेर फुटपाथवर बसणाऱ्या बायकांकडची आंब्याची पानं आतल्या कुठल्याही गाळ्यापेक्षा चांगली असतात. पण तिथंच दोरीला टांगून ठेवलेली तयार तोरणं घेऊ नका. त्यांची फुलं वाईट असतात असं नाही, ती ओवली वाईट जातात आणि आदल्या रात्रीपासून एकावर एक रचलेली असतात. घरी दीड तासात होणारं काम आहे. माल नीट निवडला तर घरचं तोरण तीन-चार दिवस दारावर उभं राहतं, आणि पुढं सुकलं तरी ते वाईट दिसत नाही.

बाजार दादर स्टेशनच्या पश्चिमेला आहे. मीनाताई ठाकरे फूल मंडई हे मुख्य ठिकाण, पण सणाच्या दिवसांत विक्री तिच्या भिंतींत मावत नाही. केशवसुत उड्डाणपुलाखाली, सेनापती बापट मार्गाच्या कडेनं, स्टेशनच्या तोंडापर्यंत टोपल्या पसरतात. पायाखाली ओली पानं, चिखल आणि सडके देठ असतात. चप्पल सपाट तळाची नको, आणि लहान मुलांना नेऊ नये. पिशवी प्लास्टिकची तर अजिबात नको. त्याचं कारण पुढं येईल.

कधी जायचं, हा पहिला प्रश्न. खंडेनवमीच्या संध्याकाळी जाणं सगळ्यात वाईट: गर्दी जास्त, भाव वरचा, आणि टोपलीत उरलेला माल दिवसभर हाताळलेला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटे, उजाडण्याच्या आत पोचावं. त्या वेळी गोण्या उघडत असतात, निवड आपल्या हातात असते, आणि घरी आल्यावर फुलं सुकवायला अख्खा दिवस मिळतो. तोरण आदल्या रात्री ओवून सकाळी बांधायचं, हे वेळापत्रक सगळ्यात सोयीचं.

झेंडू निवडताना रंग शेवटी बघा, आधी वजन बघा. कोरडं फूल हातात हलकं लागतं, दाबलं की परत फुगतं. ओलं फूल जड असतं आणि दाबल्यावर बोटाला पाणी लागतं. किलोवर घेताना पाण्याचेही पैसे जातात हा भाग आहेच, पण खरं नुकसान घरी होतं. झेंडूच्या पाकळ्या इतक्या दाट असतात की आत शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही, आणि दुसऱ्या दिवशी फूल मधोमध तपकिरी पडतं. वरून ताजं, आतून काळं. म्हणून फूल उलटं करून खालची हिरवी वाटी बघावी. ती घट्ट आणि हिरवी असेल तर फूल चांगलं. पिवळी पडून मऊ झाली असेल, तर वरच्या पाकळ्या कितीही टवटवीत असोत, उद्या गळणार.

ओल्या मालाचं संकट दरवर्षी सारखं नसतं, ते तिथीवर अवलंबून असतं. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. २०२३ मध्ये दसरा २४ ऑक्टोबरला होता. त्या सुमारास फुलं बहुधा कोरडी येतात. २०२५ मध्ये तो २ ऑक्टोबरला आला, आणि त्याआधी सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली होती. दसरा लवकर आला की ओला झेंडू गृहीत धरावा, गरजेपेक्षा तिसरा हिस्सा जास्त घ्यावा आणि सुकवायला जागा तयार ठेवावी. कॅलेंडर बघून खरेदी ठरवणारे फार थोडे, पण इथं त्याचा उपयोग होतो.

जात म्हणाल तर मोठा केशरी आणि मोठा पिवळा, असे दोनच रंग पुरे. पाच सेंटिमीटरच्या आसपासची, एकसारखी, मध्यम फुलं मागावीत. टोपलीत वर ठेवलेली भलीमोठी फुलं दिसायला छान, पण तोरणात त्यांचं वजन दोऱ्याला ओढतं आणि मधेच फुगवटे येतात. लाल-तपकिरी छटेचा बारीक मखमली झेंडू लोंबत्या माळांच्या टोकाला शोभतो, आडव्या माळेत तो हरवतो. शेवंती तोरणात घालायचा मोह टाळावा. तिची पाकळी लवकर लोळते आणि झेंडूच्या शेजारी ती दुसऱ्याच दिवशी म्हातारी दिसते.

आता किती घ्यायचं. मुंबईतल्या फ्लॅटच्या मुख्य दाराची मोकळी रुंदी साधारण तीन फूट, चौकटीसकट साडेतीन फूट, म्हणजे १०५ ते १०७ सेंटिमीटर. फुलं ओवायच्या दोन रीती आहेत आणि हिशेब त्यावर फिरतो. सुई देठाकडून घालून फुलाच्या मधोमध बाहेर काढली, तर फुलं एकावर एक बसतात आणि दाबल्यावर एक फूल जेमतेम अडीच सेंटिमीटर जागा घेतं. आडव्या माळेला ४२-४३ फुलं लागतात, माळ दोरखंडासारखी भरगच्च दिसते. सुई हिरव्या वाटीतून आडवी आरपार काढली, तर प्रत्येक फूल आपली पूर्ण रुंदी घेतं, २१-२२ फुलांत काम भागतं, फुलाचं तोंड समोर राहतं आणि हवा खेळती असल्यानं माळ जास्त टिकते. पाऊस असेल त्या वर्षी दुसरी रीत, कोरडं असेल तेव्हा पहिली.

पहिल्या रीतीनं आडवी माळ आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड फुटाच्या लोंबत्या माळा धरल्या, तर ४३ अधिक ३६, म्हणजे ऐंशीच्या आत-बाहेर फुलं. मध्यम आकाराची कोरडी फुलं किलोत सव्वाशे ते दीडशे बसतात. तेव्हा सहाशे ग्रॅम हिशेबाची आणि मोडतोडीची शंभर-दीडशे ग्रॅम, मिळून पाऊण किलो. ओल्या वर्षी सरळ एक किलो. याच्यापेक्षा जास्त घेऊन घरभर पसरण्यात काही अर्थ नाही. गाडी, देव आणि शस्त्रपूजेची फुलं वेगळी मोजा. तोरणातून उरतील असं धरलं की शेवटी तोरणच अपुरं पडतं.

आंब्याची पानं ही या खरेदीतली खरी परीक्षा. पालघर, शहापूर, कर्जत बाजूच्या आदिवासी बायका सणाच्या आधी डहाळ्या, भाताच्या लोंब्या आणि आपटा घेऊन स्टेशनबाहेर बसतात. डहाळी अख्खी घ्यावी, सुटी पानं घेऊ नयेत. डहाळीवरचं पान पाण्याचा शेवटचा थेंब पुरवून वापरतं, सुटं पान दुपारपर्यंत कडेनं वळायला लागतं. तांबूस कोवळी पालवी दिसायला गोड, पण ती तीन-चार तासांत मान टाकते. फार जुनं पान दुमडताना मधल्या शिरेवर तडकतं. मधलं घ्यायचं: गडद हिरवं, चकचकीत, हातात वाकवलं तर न मोडता परत सरळ होणारं. पानावर बारीक फोड असतील किंवा काळा चिकट थर असेल, तर ती डहाळी परत ठेवा. फोड पुसून जात नाहीत आणि चिकट थरावर धूळ बसते. तोरणाला ११ पानं लागतात, पण डहाळीवरची निम्मी पानं निकामी निघतात असं समजून वीस-बावीस पानं हाताशी असावीत.

इथं एक सूचना. आंब्याऐवजी अशोकाची, म्हणजे त्या उंच सरळ वाढणाऱ्या झाडाची, लांब नागमोडी पानं सर्रास दिली जातात. तयार तोरणात तर बहुतेक वेळा तीच असतात. टिकायला ती वाईट नाहीत, पण अरुंद असल्यानं अकराच्या जागी पंचवीस लागतात आणि तोरण झालरीसारखं दिसतं. आपट्याचंही तसंच. आपट्याचं पान लहान, लांबीपेक्षा रुंद, जाडसर आणि खरखरीत असतं. त्याच नावानं विकलं जाणारं मोठं, पातळ, मऊ पान बहुधा कांचनाचं. दोन्हींचा आकार जोडपानाचा, म्हणून फसायला होतं. हात फिरवला की कळतं.

कोकणातल्या वाचकांना हे सांगायची गरज नाही, पण दादरला भाताच्या लोंब्या मिळतात त्या केवळ शोभेच्या नव्हेत. तिकडं नव्या भाताची लोंबी, कुरडूचं फूल, झेंडू आणि आंब्याचं पान एकत्र बांधून दारावर ‘नवं’ लावायची रीत आहे. तोरणाच्या मध्यावर अशी एक छोटी जुडी बांधली की बाकी कुठल्याही सजावटीची गरज उरत नाही. लोंबी पिवळी झालेली घ्यावी. हिरवी लोंबी दोन दिवसांत सुकून पिचते आणि दाणे पायाखाली येतात.

दोरा आणि सुईसाठी फूलबाजारात वेगळं फिरावं लागत नाही. हारवाल्यांना लागणारं सामान जवळपासच मिळतं, आणि या बाबतीत घरातल्या शिवणाच्या डब्यावर विसंबू नये. शिवणाचा दोरा एकेरी वापरला तर पाव किलोच्या माळेला तुटतोच. तंगूस मजबूत, पण फार बारीक आणि गुळगुळीत. हिरव्या वाटीला तो सुरीसारखा कापत जातो, गाठ सुटते, आणि लोंबती माळ रात्रीतून खाली घसरते. वाण्याकडं पुड्या बांधायला असतो तसला जाड पांढरा सुती दोरा दुहेरी घेतला की पुरे. आडव्या माळेला दोन्ही टोकांना एक-एक वीत सोडून साडेतीन मीटर, दोन लोंबत्या माळांना मिळून अडीच मीटर, म्हणजे सहा मीटर. पानांसाठी दीड मीटर सुतळी वेगळी.

सुई हाराची घ्यावी, वीतभर लांब आणि बारीक. एका दमात दहा-बारा फुलं सुईवर चढवून मग दोऱ्यावर सरकवता येतात. त्यानंच वेळ निम्मा होतो. गोधडीची सुई चालते, पण तीन फुलांनंतर दोरा ओढत बसावं लागतं. दाभण मात्र नको. ते हिरवी वाटी फाडतं, आणि झेंडूची प्रत्येक पाकळी त्या वाटीच्या आवळलेपणावरच उभी असते. वाटी फाटली की फूल हातातच उलगडतं.

घरी आणल्यावर फुलं धुवायची नाहीत. वर्तमानपत्रावर सुती कापड, त्यावर फुलं एकाच थरात, तोंड खाली आणि देठ वर, पंख्याखाली तीन-चार तास. तोंड खाली ठेवल्यानं आतलं पाणी कापडात उतरतं. प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर राहिलेली फुलं घामेजतात, गरम होतात आणि सकाळी आंबूस वास मारतात. फ्रिजमध्ये पिशवीसकट ठेवली तरी तेच होतं, फक्त सावकाश. फ्रिजच वापरायचा असेल तर कागद घातलेल्या उघड्या खोक्यात, भाज्यांच्या कप्प्यात. पानं मात्र धुवायची, वीस मिनिटं पाण्यात बुडवून ठेवायची आणि नंतर दोन्ही बाजूंनी खडखडीत पुसायची. ओलं पान फुलाला टेकलं की टेकलेली जागा काळी पडते.

ओवताना एक गोष्ट पाळली तर बाकीच्या निम्म्या चुका होतच नाहीत: पानं आणि फुलं एका दोऱ्यावर घेऊ नका. पानं सुतळीवर, फुलं दोऱ्यावर, आणि दारावर पानांची ओळ मागे, फुलांची पुढे. फुलांचं वजन पानांवर येत नाही, पानं फाटत नाहीत. तिसऱ्या दिवशी फुलं मलूल झाली तर फक्त पुढची माळ बदलता येते.

पान लावायची पद्धत साधी आहे. देठाकडचा तीन सेंटिमीटर भाग सुतळीवरून मागे दुमडायचा, म्हणजे चकचकीत बाजू समोर राहते. मधल्या शिरेच्या बाजूला सुईनं भोक पाडून पानाचं स्वतःचंच देठ त्यातून पुढं काढायचं. शिरेवरच भोक पाडलं तर पान उभं चिरतं. देठ आखूड असेल तर खराट्याच्या हिराचा दोन सेंटिमीटरचा तुकडा टाचणीसारखा घालावा. स्टेपलर झटपट वाटतो, पण पिन गंजते, पानावर तपकिरी डाग उतरतो, आणि निर्माल्यात पिना जातात त्या वेगळ्या. ११ पानांत साधारण चार सेंटिमीटरचं अंतर ठेवलं की १०५ सेंटिमीटरची सुतळी भरते. मधलं पान आधी, मग दोन्हीकडं पाच-पाच. एका टोकाकडून सुरुवात केली की शेवटी अंतर चुकतंच.

फुलांच्या माळेत देठ वाटीच्या लगत कापायचं, वाटीला कात्री लावायची नाही. लोंबत्या माळेच्या खालच्या टोकाला नुसती गाठ पुरत नाही. मऊ वाटीतून गाठ आरामात वर सरकते आणि खालची फुलं एकेक करत उंबऱ्यावर पडतात. गाठीच्या आधी पानाच्या जाड देठाचा सेंटिमीटरभर तुकडा आडवा बांधावा, किंवा जुनं शर्टाचं बटण. फुलं एकमेकांना टेकतील इतकीच सरकवायची, ठासायची नाहीत. घट्ट माळ पहिल्या दिवशी फार देखणी दिसते, दुसऱ्या दिवशी आतून तापते आणि एकदम कुजते. रंगांची अदलाबदल करताना पाच केशरी, दोन पिवळी हा मेळ लांबून उठून दिसतो. एक केशरी, एक पिवळं असं केलं तर दहा फुटांवरून सगळं एकच मळकट रंगाचं भासतं.

बांधणीत सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे मधला झोळ. पानं धरून पाऊण किलोच्या आसपासचं वजन दोन खिळ्यांवर टांगलं की मध्यावर चार-पाच सेंटिमीटरचा झोळ येणार, आणि रात्रीतून तो वाढणार. तीन आधार हवेत, मधला अर्धा सेंटिमीटर उंच. चिकटवायचे हुक वापरायचे असतील तर ते ऑइलपेंट केलेल्या लाकडावर, सनमायक्यावर किंवा टाइलवरच लावावेत, आधी पृष्ठभाग स्पिरिटनं पुसून, आणि शक्यतो आदल्या दिवशी. डिस्टेंपरच्या भिंतीवर लावलेला हुक सकाळी रंगाच्या पापुद्र्यासकट खाली येतो. लोंबत्या माळा चौकटीच्या बाहेरच्या अंगाला हव्यात. बाहेर उघडणारं जाळीचं दार असेल तर त्या बिजागरीत अडकतात, तिथं त्या गाळलेल्याच बऱ्या. भिंत पांढरी असेल तर फुलांच्या मागे पानांची ओळ नीट पसरवा. चुरगळलेल्या ओल्या पाकळीचा पिवळा डाग सहज निघत नाही.

बांधल्यावर पाणी शिंपडू नये. दुकानदार शिंपडतात ते फुलं दिवसभरात विकायची असतात म्हणून. आपल्याला ती चार दिवस हवीत. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत पानांवरून ओलं फडकं फिरवलं तर चालेल, फुलांवरून नाही.

आता तयार तोरणांबद्दल थोडं. ती उपयोगाची नाहीतच असं नाही: ऑफिसच्या केबिनला, रिक्षाला, एका दिवसाच्या दुकानपूजेला ती पुरतात. घेतलीच तर ढिगातलं खालचं नको, टांगलेल्यातलं घ्या, आणि हात मागून फिरवून ऊब लागते का बघा. ऊब लागली तर कुजायला सुरुवात झालेली असते. लांबी मोजूनच घ्या. बरीचशी तीन फुटांची असतात आणि साडेतीन फुटांच्या चौकटीवर आखूड पडतात, मग दोन्ही टोकांना उघडा दोरा दिसत राहतो. कापडी आणि प्लास्टिकच्या तोरणांवर फार लिहिण्यासारखं नाही. पश्चिमेच्या दारावर त्यांचा केशरी रंग पुढच्या वर्षीपर्यंत गुलबट होतो आणि धूळ धुताना गोंद सुटतो. कापडी घ्यायचंच असेल तर लोकरीच्या गोंड्यांचं घ्यावं, ते निदान धुता येतं.

पुणेकरांनी यासाठी दादर गाठायची गरज नाही, गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हाच माल मिळतो. पहाटेचा नियम तिथंही तोच. दादरला सुट्टे पैसे जवळ ठेवा. मोठ्या गाळ्यांवर फोनवरून पैसे घेतात, पण डहाळ्या आणि लोंब्या घेऊन बसलेल्या बायकांकडं बऱ्याचदा रोखच चालते, आणि दोन जुड्यांसाठी पाचशेची नोट पुढं करणारं गिऱ्हाईक पहाटे पाच वाजता कोणालाच आवडत नाही.

तोरण उतरवताना दोरा कापून फुलं सुटी करा, सुतळी आणि दोरा निर्माल्यात टाकू नका. सुतळी धुऊन पाडव्याला पुन्हा चालते. पूर्ण सुकलेली फुलं चोळली की काळं, बारीक, पांढऱ्या शेंड्याचं बी मिळतं. ते जूनमध्ये कुंडीत पेरलं तर उगवतं, पण बाजारातला बराचसा झेंडू हायब्रिड असल्यानं फूल आईसारखं भरगच्च येईलच असं नाही, बऱ्याचदा एकेरी पाकळ्यांचं येतं. तोरणासाठी ते कुचकामी, देवापुढं ठेवायला पुरेसं.